विंडोज १० नंतर: तालुक्याच्या गावातल्या संगणकांचं काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नियमित देखभाल थांबवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या नागभीडमधले संगणक रोजच्यासारखेच सुरू झाले. सातबारे निघाले, आधारच्या यंत्रावर बोटं टेकली, झेरॉक्सच्या दुकानांतले प्रिंटर चालू झाले. काही बिघडलं नाही, आणि म्हणूनच या विषयाकडे लक्ष जायला वेळ लागतो आहे. मुदत संपलेली ऑपरेटिंग सिस्टीम बंद पडत नसते. तिच्यात नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवणारं कुणी उरत नाही, एवढंच होतं. पण ज्या संगणकावर दिवसभर गावातल्या लोकांची आधार कार्डं, पासबुकं आणि जातीचे दाखले स्कॅन होतात, त्याच्या बाबतीत एवढंही फार आहे.

अपग्रेडबद्दलचे सल्ले भरपूर मिळतात. ते देणाऱ्याच्या मनात बहुधा शहरातला माणूस असतो: स्वतःचा एक लॅपटॉप, घरात फायबरचं नेट, वीज न जाणारी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात संगणक एकाच्या मालकीचा असला तरी त्यावर काम अख्ख्या गावाचं चालतं. सेवा केंद्र, ग्रामपंचायत, राईस मिल, पतसंस्था, टायपिंग इन्स्टिट्यूट, लग्नपत्रिका छापणारं दुकान, शाळेची लॅब, अशी त्याची ठिकाणं. इथे नवी आवृत्ती टाकायची की नाही हे केवळ त्या आवृत्तीकडे पाहून ठरवता येत नाही. संगणकाला काय काय जोडलंय आणि त्यावर कुणाचं काम अडकलंय, हे आधी पाहावं लागतं. प्रत्येक पर्याय मी याच कसोटीला लावून पाहतो.

आधी मागे वळून पाहू, कारण हे पहिल्यांदा घडत नाही. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१मध्ये आली आणि तिची देखभाल ८ एप्रिल २०१४ला थांबली. विंडोज ७ची १४ जानेवारी २०२०ला थांबली. दोन्ही वेळी आपल्याकडचे बहुतेक लोक तारखेला हलले नाहीत. त्यांना हलवलं ब्राउझरने. क्रोमची ४९वी आवृत्ती एक्सपीसाठी शेवटची ठरली, १०९वी विंडोज ७साठी. त्यानंतर एकेक संकेतस्थळ उघडेनासं होत गेलं, आणि सरकारी पोर्टलचं पान पांढरंच राहू लागलं तेव्हा लोकांनी ‘विंडोज मारून’ घेतलं. मे २०१७च्या, फायली कुलूपबंद करणाऱ्या वॉनाक्राय हल्ल्यातून मात्र तारखेचा खरा अर्थ कळायला हवा होता. त्या हल्ल्याने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती घेतली ते वाचले. ज्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या त्यांतले बहुसंख्य विंडोज ७वर होते. त्यांच्यासाठी दुरुस्ती हजर होती, पण ती लावलेली नव्हती. म्हणून ‘अपडेट बंद करून ठेवलंय, त्रास नको’ हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते.

आता विंडोज ११. ऑक्टोबर २०२१मध्ये ती आली, आणि अस्सल विंडोज १० असलेल्या पात्र संगणकावर ती फुकट मिळते. अडचण ‘पात्र’ या अटीत आहे. ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा इथवर ठीक. पुढे टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, सिक्युअर बूट हवं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेपासूनचा हवा. इंटेलची आठवी पिढी २०१७च्या उत्तरार्धात बाजारात आली. म्हणजे त्याआधीचे जवळजवळ सगळे संगणक बाद. आपल्याकडे दुकानांत आणि केंद्रांत जे संगणक दिसतात, त्यांतले कितीतरी कुठल्यातरी कंपनीच्या कार्यालयातून निघालेले, नागपूरहून सेकंडहँड आणलेले आहेत: तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. काम उत्तम करतात. एसएसडी बसवली तर आणखी पाच वर्षं सहज चालतील. पण विंडोज ११च्या यादीत ते नाहीत.

नागभीडकरांना हे रेल्वेवरून चटकन कळेल. आपलं स्टेशन जंक्शन आहे. गोंदिया-बल्लारशाहची ब्रॉडगेज आणि इतवारीहून येणारी छोटी गाडी इथे भेटायची. नोव्हेंबर २०१९मध्ये नॅरोगेज बंद झाली, रूळ रुंद करायला घेतले. रूळ रुंद झाले की जुने डबे कितीही धडधाकट असले तरी त्यांवर चालत नाहीत, आणि काम पुरं होईपर्यंत प्रवाशाला एसटीच धरावी लागते. रुंदीकरण हवंच होतं. पण मधल्या काळातला त्रास कुणाच्या वाट्याला येतो, हे ठरवणाऱ्यांनी आधी पाहायला हवं. संगणकाच्या बाबतीत कॅनालिस या संस्थेने २०२३च्या अखेरीस अंदाज केला होता की विंडोज १० बंद झाल्यामुळे जगातले सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. चालू यंत्रं केवळ यादीत नाहीत म्हणून फेकायला लावणं मला चुकीचं वाटतं.

यादीत नसलेल्या यंत्रावरही विंडोज ११ टाकून देणारे आहेत. रूफस नावाच्या साधनाने अटींची तपासणी वगळता येते आणि सिस्टीम चालतेही. पण अशा यंत्राला अपडेट मिळतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची नवी आवृत्ती आपोआप येत नाही. घरच्या संगणकावर कुणी समजून-उमजून करत असेल तर करो. दुसऱ्यांची कागदपत्रं हाताळणाऱ्या यंत्रावर हे करू नये.

पात्र असूनही ‘अपात्र’ दिसणारी यंत्रंही असतात. टीपीएम असतं पण बायोसमध्ये बंद असतं. इंटेलमध्ये ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं की नेमकं काय कमी पडतंय ते कळतं. नवा संगणक घ्यायला सांगणाऱ्याने ही तपासणी करून दाखवली नसेल, तर त्याला आधी ती करायला सांगा.

आता मराठीकडे येतो. अपग्रेडचा सगळ्यात मोठा मार मराठीत काम करणाऱ्याला बसत आला आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं. डॉसच्या काळात मराठी उमटवायला सी-डॅकचं जिस्ट कार्ड संगणकात बसवावं लागे. विंडोज आली आणि ते कार्ड निरुपयोगी झालं. मग आयएसएम, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव आले. यांतल्या बहुतेकांची तऱ्हा अशी की संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असतो, केवळ फॉन्टमुळे तो देवनागरी दिसतो. फॉन्ट गेला की मराठी गेली. विंडोज २०००पासून युनिकोड मराठी आली, पण एक्सपीमध्येसुद्धा ती सीडी घालून, सेटिंगमध्ये वेगळी खूण करून चालू करावी लागे. ज्यांना कुणी सांगितलं नाही ते कृतिदेववरच राहिले, आणि विदर्भातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून रेमिंग्टन कळफलकावर बोटं बसलेल्या पिढीला ते सोयीचंही होतं.

झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीला लागतो आणि होळीपर्यंत चालतो. वडशाच्या मंडळ्यांची हँडबिलं, गावोगावच्या मंडईची पोस्टरं, त्याच दिवसांतल्या लग्नपत्रिका हे सगळं काम याच जुन्या फॉन्टवर बेतलेलं आहे. अशा एका दुकानातला संगणक मी जवळून पाहिला आहे. त्यावर पेजमेकर ७ आहे, म्हणजे २००१ची आवृत्ती, अडोबीची त्या नावाची शेवटची. कोरलड्रॉ आहे. फॉन्टच्या फोल्डरात शेकडो मराठी फॉन्ट, त्यांतल्या अर्ध्यांची सीडी कधीच हरवलेली. मागच्या बाजूला श्रीलिपीचं डोंगल कायमचं खोचलेलं, चुकून कुणी ओढू नये म्हणून वरून चिकटपट्टी. आणि डी ड्राईव्हवर वर्षावर्षांच्या पत्रिकांच्या फायली. गिऱ्हाईक येतं ते ‘मागच्या वर्षी मोठ्या मुलीची केली होती तशीच करा’ म्हणत. दुकानदार मला म्हणाला, “भाऊ, बाकी काही बी बदलवा जी, पण माझे फॉन्ट नका उडवू.”

त्याची भीती रास्त आहे, पण ती अपग्रेडची नाही. जुन्यावरच नवी आवृत्ती चढवली तर फॉन्ट, फायली आणि बहुतेक सॉफ्टवेअर जागेवर राहतात. फॉन्ट उडतात ते ‘फॉरमॅट मारल्यावर’. आपल्याकडे मात्र अपग्रेड म्हणजे फॉरमॅट असंच समीकरण होऊन बसलंय, कारण दुरुस्तीवाल्यालाही ते लवकर उरकतं. म्हणून काम सुरू करण्याआधी फॉन्टचं अख्खं फोल्डर पेनड्राईव्हवर उतरवून घ्यावं. डोंगलचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोज ११वर चालतो का, ते विकणाऱ्या कंपनीला विचारावं. फार जुनी, १६-बिट सॉफ्टवेअरं ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळते. ज्याचं पोट पेजमेकरवर आहे त्याने जुना संगणक जुन्या विंडोजसह तसाच ठेवावा, मात्र त्याची नेटची वायर काढावी. फायली पेनड्राईव्हने न्याव्यात, नेटचं काम दुसऱ्या यंत्रावर करावं. दुकानात दोन यंत्रं असतील तर हा तोडगा मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

युनिकोडवाल्यांनाही एक गोष्ट छळते. मंगल हा फॉन्ट विंडोज १०पासून सगळ्यांना आपोआप मिळत नाही. तो देवनागरीच्या पूरक फॉन्टांत, म्हणजे ऐच्छिक सुविधांच्या यादीत गेला. मूळ फॉन्ट निर्मला. कोऱ्या विंडोजवर जुना शासकीय नमुना उघडला की ओळी सरकतात, तक्ता दुसऱ्या पानावर जातो आणि लोक म्हणतात नव्या विंडोजने फाईल बिघडवली. सेटिंगमध्ये जाऊन ते पूरक फॉन्ट टाकले की काम भागतं. उलट एक सोय झाली आहे: २०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोजमध्येच उच्चाराप्रमाणे मराठी टाइप करायचा कळफलक आहे. त्यासाठी बाहेरून काही उतरवायची गरज राहिलेली नाही.

उपकरणांचं दुखणं याहून साधं, पण काम थांबवणारं. डिजिटल सहीचं टोकन, बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि त्याची आरडी सर्व्हिस, लेझर प्रिंटर, पावतीचा प्रिंटर, स्कॅनर या प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. काही जुनी पोर्टलं इंटरनेट एक्सप्लोररवर बेतलेली होती. तो ब्राउझर १५ जून २०२२ला निवृत्त झाला आणि विंडोज ११मध्ये तो नाहीच. एज ब्राउझरमधल्या त्याच्या विशेष पद्धतीतून काम करावं लागतं. केंद्रचालकांना माझं सांगणं आहे की एका कागदावर या सगळ्या उपकरणांची नावं आणि मॉडेल नंबर लिहा, प्रत्येकाचा नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा आणि मगच हात घाला. अपग्रेड झाल्यावर पहिल्यांदा एक सही करून पाहा, एक ठसा घेऊन पाहा. गिऱ्हाईक समोर उभं असताना हे कळू नये.

लगेच हलता येत नसेल त्यांच्यासाठी मुदतवाढ आहे. विंडोज १०च्या २२एच२ आवृत्तीवर असलेल्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं; सेटिंग त्या खात्याशी जुळवून घेतली तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा कंपनीचे हजार बक्षीस-गुण. युरोपातल्या लोकांना ही जुळवणीची अटही घातलेली नाही, कारण तिथल्या ग्राहक संघटना भांडल्या. आपल्याला तेच मिळालं नाही, याचा मला राग आहे. तरीही ज्याच्यापुढे दुसरा मार्ग नाही त्याने ही मुदतवाढ घ्यावी. कंपन्यांना आणि कार्यालयांना वेगळा दर आहे: पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. शाळांचा दर मात्र नाममात्र आहे, दर संगणकामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २, मग ४. ही गोष्ट जिल्हा परिषदेच्या आणि खासगी अनुदानित शाळांपर्यंत कुणी पोचवली पाहिजे.

एक उघड गुपितही इथे लिहायला हवं. आपल्याकडच्या कितीतरी संगणकांवरची विंडोज विकतची नाही. कुणीतरी पेनड्राईव्हवरून टाकलेली, ‘अॅक्टिव्हेटर’ चालवून उघडलेली प्रत असते. तो अॅक्टिव्हेटर चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे दार आपणच उघडं टाकतो. ‘हलकी’ म्हणून फिरणाऱ्या विंडोज ११च्या प्रतींतून तर अपडेट आणि संरक्षणच काढलेलं असतं. अशी प्रत टाकणं हे अपग्रेड नव्हेच. कार्यालयातून निघालेल्या बऱ्याच सेकंडहँड संगणकांना मूळचा अस्सल परवाना असतो आणि कोरी अधिकृत विंडोज टाकल्यावर तो आपोआप ओळखला जातो, हे अनेकांना ठाऊक नसतं.

मग लिनक्स. यादीबाहेर पडलेल्या यंत्रांसाठी माझं पहिलं मत लिनक्सला आहे, काही अटींसह. लिनक्स मिंट किंवा उबुंटू चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हवर व्यवस्थित चालतात. मिंटची फाईल सुमारे ३ जीबीची, विंडोज ११ची ५-६ जीबीची. मोबाईलच्या डेटावर हा फरक जाणवतो. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं देखभाल मिळते, घरगुती वापरासाठी फुकट नोंदणी केली तर दहा. मराठीही तिथे परकी नाही. लोहित हा मुक्त देवनागरी फॉन्ट पुण्याच्या रेड हॅटच्या लोकांनी सांभाळला आणि इनस्क्रिप्ट कळफलक तयारच असतो. सी-डॅकची बॉस ही डेबियनवर उभी असलेली भारतीय आवृत्ती आहेच. आणि सगळ्यांत मोठा दाखला केरळचा: तिथल्या सरकारी शाळांतली संगणक-शिक्षणाची अख्खी व्यवस्था काइट या संस्थेमार्फत मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. महाराष्ट्राने २००१पासून एमएस-सीआयटीतून लाखोंना संगणक शिकवला हे मोठं काम आहे, पण तो विंडोज आणि एमएस ऑफिसच्या चौकटीत शिकवला, त्यामुळे दुसरं काही समोर आलं की आपली माणसं बिचकतात.

अटी अशा. सेवा केंद्राचा संगणक लिनक्सवर नेऊ नये, कारण ठशांची यंत्रं आणि सहीची टोकनं मुख्यतः विंडोज डोळ्यांसमोर ठेवून विकली जातात. आपल्याकडे जागोजागी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर चालवणं जिकिरीचं. एचपीच्या १०२०ला वेगळं प्लगइन लागतं. टॅली आणि श्रीलिपी तर विंडोजचीच. पण शाळेची लॅब, महाविद्यालयीन मुलाचा घरचा संगणक, वाचनालय, ग्रामसभेचं लिखाण आणि हिशेब, इथे लिनक्सला काही अडत नाही. आणि लिनक्स म्हणजे एकदा टाकलं की विसरलं, असंही नाही. तिथेही आवृत्त्या पायरीपायरीने चढाव्या लागतात, आणि जुन्या यंत्रांना तिथेही कधीतरी निरोप मिळतो; ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने ३२-बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलर काढून टाकला. मॅकबद्दल एवढंच, की २०२५ची टाहो ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. पुढचे मार्ग तिथे कंपनीच ठरवते.

ज्यांनी विंडोज ११वर जायचं ठरवलंय त्यांच्यासाठी आता प्रत्यक्ष काम. नक्कल दोन ठिकाणी हवी, आणि त्यांतली एक संगणकापासून सोडवून ठेवलेल्या डिस्कवर. ‘डी ड्राईव्हला आहे’ ही नक्कल नव्हे. ती त्याच डिस्कवर असते. ऑक्टोबर २०१८मधल्या विंडोज १०च्या एका अपडेटने काही लोकांच्या कागदपत्रांची फोल्डरंच पुसली आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं. अधिकृत अपडेटही चुकतं, म्हणून नक्कल. टॅलीचा डेटा वेगळा बॅकअप घेऊन एकदा दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा.

बिटलॉकरकडे विशेष लक्ष द्या. नव्या लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. मग बायोसमध्ये काही बदललं की निळा पडदा ४८ अंकी किल्ली मागतो. ती त्या खात्यात ठेवलेली असते. पण खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलेलं असेल, तर किल्ली त्याच्याकडे आणि फायली तुमच्या. लॅपटॉप घेताना खातं स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या नंबरवरचं असावं आणि ती किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवावी.

नेट आणि वीज हे आपल्याकडचे खरे अडथळे. पाच-सहा जीबी प्रत्येक संगणकावर वेगवेगळे उतरवू नका. एकदाच अधिकृत साधनाने ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर उतरवा आणि सगळीकडे वापरा. विंडोजमध्ये एका संगणकाने घेतलेलं अपडेट त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्याला देण्याची सोयही आहे. शाळेच्या लॅबसाठी ती चालू करावी. मोबाईल हॉटस्पॉटवर काम असेल तर जोडणी ‘मीटर्ड’ करून ठेवावी, नाहीतर महिन्याचा डेटा एका रात्रीत जातो. चढवताना मध्येच वीज गेली तर बहुतेकदा जुनी सिस्टीम परत येते, पण नेहमी नाही. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर आधी ती बदला.

झाल्यावर दहा दिवस हातात असतात. तेवढ्यात सेटिंगमधून मागे फिरता येतं. त्यानंतर जुन्या विंडोजचं फोल्डर आपोआप पुसलं जातं. म्हणून त्या दहा दिवसांत सगळी कामं एकदा करून पाहायची: बँकेचं, सहीचं, ठशाचं, छपाईचं, टॅलीचं. ‘जागा रिकामी करतो’ म्हणून ते फोल्डर लगेच उडवणाऱ्याला थांबवा. आणि ११वर गेलं म्हणजे सुटलो, असंही नाही. होम आणि प्रोच्या दरवर्षीच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच देखभाल मिळते; २३एच२ची ११ नोव्हेंबर २०२५लाच संपली. वर्षातून एकदा पुढची पायरी चढावीच लागते, फक्त ती लहान असते. २४एच२वरून २५एच२वर जाणं एका साध्या अपडेटइतकंच आहे.

राहिला प्रश्न वेळेचा. जून-जुलै दाखल्यांचा आणि प्रवेशांचा. ऑक्टोबरच्या अखेरपासून धानाची कापणी आणि खरेदी केंद्रांसाठीच्या ऑनलाइन नोंदणीची धावपळ, तिच्याच जोडीला नाटकांचा आणि लग्नांचा हंगाम. जुलै २०२४मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा केंद्रांवर पाय ठेवायला जागा नव्हती. अशी लाट सांगून येत नाही. उरतो तो उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये ब्रह्मपुरी-नागभीडच्या उन्हात पारा ४५च्या पुढे जातो आणि दुपारनंतर वादळ आलं की वीज जाते, तेव्हा काम सकाळी सात ते अकरामध्ये उरकावं. मेमध्ये शाळांना सुट्टी असते, लॅब रिकामी असते. मुख्याध्यापकांनी त्याआधी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: किती यंत्रं विंडोज ११ला पात्र आहेत, कितींना एसएसडी टाकून लिनक्स देता येईल, आणि उरलेल्यांसाठी शाळांच्या दराची मुदतवाढ कोण भरणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकेका शाळेने शोधत बसू नये. ते जिल्ह्याच्या शिक्षण विभागाने द्यावं, आणि तेही शाळा पुन्हा उघडण्याच्या आत.